निळ्या दोऱ्याची अंगठी

मी, चष्म्याच्या दुकानातली थोरली सून, आज दुकान बंद असल्याने दुकानामागच्या खोलीत बसून, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर आपल्या मर्जीने, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे लिहून ठेवत आहे. माझे मन ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. डोक्यात थोडा गोंधळ आहे, पण तो वयाने आलेला नाही. तो जुना आहे आणि एका अंगठीपुरताच आहे. समोर बसलेले वकीलसाहेब म्हणाले, "बाई, गोंधळ हा शब्द मृत्युपत्रात नको." मी म्हटले, "तो काढला तर लिहायला उरलं काय?" म्हणून तो ठेवला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला घेतले होते, ते अंगठीपाशीच अडले.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या लेकीला द्याव्यात. स्वयंपाकघरातला नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो, डावीकडे फिरवला की गळतो, आणि मधोमध ठेवला की शिटी वाजवतो. तो दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. माझ्या कैलासवासी यजमानांनी तीनदा दुरुस्त केला म्हणून तो असा झाला.

कलम २. दुकानातला माझा अर्धा हिस्सा लेकीचा. उरलेला अर्धा माझ्या दिरांचा आहे, तो पुढे त्यांच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या पुतण्याकडे जाईल. पुतण्या डोळे तपासतो, लेक फ्रेम आणि काचा बघते. एकाशिवाय दुसऱ्याचे काम अडते. हे दोघांनाही ठाऊक आहे आणि गेले काही महिने दोघांनाही ते आवडेनासे झाले आहे. कारण कलम ७ मध्ये येईल.

कलम ३. बँकेत जे असेल ते आधी माझ्या आजारपणाला आणि मग लेकीला. जास्त नाही. भांडण्याइतके तर नाहीच.

कलम ४. यजमानांचे बारीक पेचकस, चिमटे आणि चष्म्याची काडी वाकवायचा गरम वाळूचा डबा पुतण्याला द्यावेत. त्याचा हात काकांवर गेला आहे. सर्वांत लहान पेचकसाची मूठ तुटलेली असून तिथे पेनाचे टोपण बसवले आहे. ते काढू नये, त्यानेच पकड येते.

कलम ५. शेजारचे झेरॉक्सवाले आमच्या दारासमोर स्कूटर लावतात. ज्यांना कमी दिसते अशी माणसे आमच्याकडे येतात आणि नेमकी तिच्यावरच आदळतात. मी त्यांना पुष्कळदा सांगितले. ते दर वेळी "हो ताई" म्हणतात. त्यांना मी माझी क्षमा देत नाही. स्कूटर हलवल्यास द्यावी.

कलम ६. माझ्या नणंदेला बैठकीतला मोठा आरसा द्यावा. तिला तो पहिल्यापासून हवा होता. मात्र सोबत हेही सांगावे की, टूथपेस्टने दागिने लखलखतात हे तिनेच सगळ्या घराला शिकवले होते आणि त्यामुळे तिच्या स्वतःच्या अंगठीवर चरेच चरे पडले. आमच्या अंगठ्यांना तिचा हात लागू दिला नाही, याचा राग तिने आता सोडावा.

कलम ७. साखरपुड्याच्या अंगठ्या.

इथे थोडे मागे जावे लागेल. वकीलसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले तरी जावे लागेल.

माझ्या सासऱ्यांनी दोन्ही मुलांचे साखरपुडे एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये, एकाच जेवणात उरकले. माझे आणि धाकटीचे, म्हणजे माझ्या जावेचे, बोट मापाने सारखे निघाले. सासऱ्यांना तेवढे निमित्त पुरले. अंगठ्याही एकाच नमुन्याच्या झाल्या: पातळ कडी, वर पांढरा खडा, खड्याला धरून ठेवणारे चार दात. आत नाव नाही, खूण नाही. "नावं कशाला कोरायची? तुमच्या बोटातली तुम्हाला कळणार नाही का?" असे ते म्हणाले होते.

दुकानात चष्मे धुण्याचे मशीन आहे. पाण्यात बारीक थरथर उठते आणि फटीफटीतली घाण सुटते. बुधवारी दुकान बंद, म्हणून बुधवारी आम्ही दोघी त्यात अंगठ्या धूत असू. आधी माझी, ती काढून पुसून बोटात घातली की मग तिची. एका बुधवारी धाकटी म्हणाली, "ताई, दोन्ही एकदमच घाल ना. वीज जायची आहे." घातल्या. तेवढ्यात एक बाई बंद दार ठोठावत आल्या. त्यांचे मूल आजोबांच्या चष्म्यावर बसले होते आणि आजोबांना त्या दिवशी गावाला जायचे होते. आम्ही दोघी त्या चष्म्याला लागलो. इकडे माझ्या यजमानांनी मशीनमधली जाळी उचलली आणि दोन्ही अंगठ्या फडक्यावर ओतल्या. झाले.

मग दोघे भाऊ दिव्याखाली भिंग घेऊन बसले. यजमानांनी एक अंगठी उचलून सांगितले, "ही आपली. मी शपथेवर सांगतो." दिरांनी तीच अंगठी त्यांच्या हातातून घेऊन सांगितले, "दादा, ही तर हिची. मीही शपथेवर सांगतो." सगळ्या गावाचे डोळे तपासणारी ही माणसे!

धाकटीनेच तोड काढली. "ताई, असं करू. दर वेळी धुतल्यावर अदलाबदल करायची. म्हणजे निम्मं आयुष्य तरी आपापली आपापल्या बोटात राहील." मी म्हटले, "आणि उरलेलं निम्मं?" ती म्हणाली, "उरलेलं निम्मं मी तुझी वापरेन, त्यात काय. तुझ्या साड्या नाही वापरत?"

तसेच करत राहिलो. एखाद्या वेळी बदलायची राहून गेली का, किंवा एकाच दिवशी दोनदा बदलली का, ते आता सांगता येत नाही. तिलाही आठवत नव्हते. आम्ही त्यावरून हसत असू. नवऱ्याने बोटात घातलेली अंगठी हीच का, असा प्रश्न मला क्वचित पडे. पडला की मी भांडी घासायला घेई आणि त्याआधी ती काढून कपाटात ठेवी, कारण घासणीने कडी झिजते.

मागच्या वर्षी धाकटी गेली. दवाखान्यात नर्सने कोमट साबणाच्या पाण्याने तिची अंगठी काढून माझ्या हातात दिली. हरवू नये आणि माझ्या अंगठीत मिसळू नये म्हणून घरी येताच मी धाकटीच्या अंगठीला निळा दोरा बांधला. दिरांना द्यायला गेले तर ते म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडेच राहू दे. माझ्याकडून हरवेल." तेव्हापासून दोन्ही माझ्याकडे आहेत आणि मी एकही घातलेली नाही. कुठली घालायची?

आता पुतण्याचे लग्न ठरले आहे. त्याला आपल्या आईची अंगठी होणाऱ्या बायकोला द्यायची आहे. त्याचे म्हणणे, "शेवटी आईच्या बोटात होती ती आईची. दोऱ्याची." लेकीचे म्हणणे, "आणि नेमकी तीच माझ्या बाबांनी दिलेली असेल तर? ती परक्या मुलीच्या बोटात जाऊ द्यायची?" "परकी कोण गं?" "मला म्हणायचं ते तुला कळलंय." "नाही कळलं." तिथून दोघांचे बोलणे थांबले. एका काउंटरवर उभे राहून दोघे गिऱ्हाइकांमार्फत बोलतात. "आजी, त्यांना सांगा, तुमचा नंबर बदललाय." "आजी, त्यांना विचारा, डाव्या डोळ्याचाच ना." आजी बिचाऱ्या एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघतात. डोळ्यांसाठी आलेल्या, मान दुखवून घरी जातात. मी आहे तोवर दोघांना एका ताटावर बसवते. मी गेल्यावर हे दुकान मधोमध चिरले जाईल, याची मला भीती वाटते. माझ्या मरणाची तेवढी वाटत नाही.

म्हणून लिहिते: निळ्या दोऱ्याची अंगठी पुतण्याला द्यावी. दुसरी लेकीला.

वकीलसाहेब म्हणाले, "हे झालं ना सोपं!" बाजूच्या स्टुलावर बसलेले दीर म्हणाले, "वहिनी, पण ती तिची नसली तर?" वकीलसाहेब म्हणाले, "तसं असेल तर अडचण आहे. जे आपलं आहे तेच माणसाला मृत्युपत्रानं देता येतं. बाई, तुमची नक्की कुठली?" मी म्हटले, "ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

मग ते म्हणाले, निदान दोन्ही वस्तू दाखवा, वर्णन लिहून घेतो. मी डबी आणून उघडली आणि मलाच लाज वाटली. वर्षभर पडून खड्यांच्या खाली मळ बसला होता. आमच्याकडे मळकी वस्तू परक्या माणसापुढे ठेवत नाहीत. मी दोघा मुलांना हाक मारली आणि डबी दिली. "जा, धुऊन आणा. दोघांनी मिळून जा. एकट्याकडे दिली तर दुसरा म्हणेल, बदलली."

दुकानातून मशीनचा गुणगुण आवाज आला. मग थांबला.

दोघे दारात आले. पुतण्याच्या हातात फडके होते, फडक्यावर दोन अंगठ्या. दोन्ही अशा चमकत होत्या, जणू सासऱ्यांनी नुकत्याच आणल्या असाव्यात.

"आई," लेक म्हणाली.

"काय गं?"

"तो दोरा..."

"त्याचं काय?"

"मी काढला, काकू," पुतण्या म्हणाला. "गुंडाळलेलं काही आत घालायचं नाही, तूच शिकवलंस ना."

"बरोबर केलंस. धुतल्या तरी एकेक करूनच ना?"

"मी तुला म्हटलं होतं, डावीकडची लक्षात ठेव," पुतण्या तिला म्हणाला.

"मला वाटलं, तू ठेवतोयस!"

"मी दोरा सांभाळत होतो."

आणि त्याने खिशातून निळा दोरा काढला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला. नीट घडी घातलेला, एक टोकसुद्धा सुटलेले नाही.

लेक आधी हसली. हसता हसता तिने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. "अरे दोरा काय सांभाळतोस, ठोंब्या!" तिने त्याला ठोंब्या म्हणणे मी त्याचे लग्न ठरल्यापासून ऐकले नव्हते. दीर दोन्ही अंगठ्या उजेडात धरून बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "वहिनी, आता?" वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावले.

मी दोन्ही हातांत घेतल्या. एक माझ्या यजमानांनी मला दिलेली आहे आणि एक धाकटीने आपल्या मरणापर्यंत घातलेली आहे. ती एकच आहे का दोन, हे आता या खोलीत कोणालाच माहीत नाही. मी एक बोटात घातली. बसली. ती काढून दुसरी घातली. तीही बसली.

कलम ८. वरील कलम ७ मधील वाटणी रद्द समजावी. दोन्ही अंगठ्या लेक आणि पुतण्या यांना समाईक द्याव्यात. एक पुतण्याच्या बायकोने घालावी, दुसरी मी आहे तोवर मी आणि माझ्या पश्चात लेकीने. दर वेळी धुतल्यावर बदलावी. हे त्या मुलीला लग्नाआधी नीट सांगावे. ऐकून ती पळाली तर माझा इलाज नाही. हसली तर ती आपली. दिरांची याला संमती असून त्यांनी खाली तसे लिहून द्यायचे आहे.

कलम ९. निगा. धुण्यापूर्वी अंगठी कानाजवळ हलवावी. खडा वाजला तर मशीनमध्ये घालू नये, थरथरीने निसटतो. आधी सोनाराकडून दात आवळून घ्यावेत. मशीन बंद असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, थोडा वेळ बुडवावी, आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने खड्याच्या खालून घासावे. मळ वर दिसतो पण असतो खाली. मोरीच्या तोंडाशी धुऊ नये, वाटीत धुवावी. टूथपेस्ट नाही, ब्लीच नाही, नणंद नाही. क्रीम लावून झाल्यावर घालावी, आधी नाही. दोन्ही अंगठ्या एकाच डबीत सुट्या ठेवू नयेत, खडा खड्याला ओरखडतो; मऊ कापडाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात. धुताना मात्र दोन्ही एकदम घालाव्यात. दोघांनी हजर असावे, आणि कोणीही खूण करू नये.

कलम १०. निळा दोरा कोणालाच देत नाही. तो मी ठेवून घेत आहे.

कलम ११. माझ्या अखेरीस माझ्या बोटात यातली जी असेल ती कोणी ओढून काढू नये. साबणाच्या कोमट पाण्याने आपोआप निघते, धाकटीची तशीच निघाली होती. काढली की लगेच दुसरीबरोबर धुवायला टाकावी.

हे सर्व मी स्वतः लिहिले व पुन्हा वाचून पाहिले. कलम ७ चुकीचे ठरले तरी खोडलेले नाही, कारण त्याशिवाय कलम ८ कोणाला कळणार नाही.

सही: थोरली

संमती: अंगठ्यांपैकी जी माझ्या पत्नीची असेल, ती कुठलीही असो, कलम ८ प्रमाणे देण्यास माझी हरकत नाही. भिंग लावून पाहिले, काही कळले नाही. — दीर

साक्षीदार पहिले: वकीलसाहेबांच्या टायपिस्ट. (त्यांनी स्वतःची अंगठीही धुऊन घेतली. वेगळी धुतली.)

साक्षीदार दुसरे: शेजारचे झेरॉक्सवाले. सही करण्यापूर्वी त्यांनी कलम ५ वाचले व बाहेर जाऊन आले. स्कूटर हलवली आहे. क्षमा दिली.

स्थळ: दुकानामागची खोली.
वार: बुधवार.