घड्याळ तुमच्या हातात

डॉक्टरीणबाई,

हे पत्र न्यायला माझ्या नातवाशिवाय कोणी नाही, आणि त्याच्या हाती मी ते देणार नाही, म्हणजे ते तुम्हाला मिळणार नाही. तेव्हा खरं तेच लिहिते.

त्याचं कोकेन सुटावं म्हणून मी त्याला तुमच्याकडे आणलं. मेंदू तपासायच्या मशीनमध्ये धातू चालत नाही म्हणालात, तेव्हा घड्याळ घ्यायला मी हात पुढे केला. त्याने ते तुमच्या हातात दिलं.

“नुसता पडून राहा, मुद्दाम कसला विचार करू नकोस,” म्हणालात. घरी दोन मिनिटं न टेकणारा पोरगा तुमच्यासाठी दहा मिनिटं निपचित पडला. माणूस स्वस्थ असला तरी मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात, त्याचे कसे बोलतात ते बघायचंय, असं तुम्ही मला समजावलंत. बाहेर आल्यावर तो तुमच्याशी घडाघडा बोलला. मी विचारलं, “काय रे सांगितलंस?”

“काही नाही गं आजी.”

माझा नुसता जळफळाट झाला. तुम्ही त्याचे खिसे चाचपत नाही ना, म्हणून त्याला गोड. मी दोन वर्षं रोज चाचपते.

काल तो आंघोळीला गेला, तेव्हा ठरवलं होतं की आज पँटला हात लावायचा नाही. लावलाच. खिशात तुमच्या पुढच्या तारखेची चिठ्ठी निघाली, नीट घडी घालून जपलेली.

जागच्या जागी ठेवली परत. आधी थोडी चुरगाळली.

त्याचीच,
आजी