जुन्या गावची सीताफळं

चि. मल्लिनाथास लातूरहून गौरक्काचा आशीर्वाद.

तू यष्टीत ठेवलेली सीताफळांची पाटी पोचली. मी बरी हाय. मेसच्या चुलीवर हात भाजला होता, तो सुकला. तुझ्या अंबिकाचा खोकला थांबला का?

आपली माय, अव्वा, घालायची तशी ज्वारीच्या पोत्यात अढी घातली. फळं पिकली आन् असा वास सुटला, की भूकंपाच्या आधीचं घर आठवलं. मेसला जेवणाऱ्या क्लासच्या पोरींनी फडशा पाडला. नांदेडची एक म्हणाली, "मावशी, अजून मागवा, आम्ही इकत घेतो."

तू इचारलंस, पडलेल्या गावातले आपल्या वाट्याचे दगड-मुरूम ठेकेदाराला द्यायचे का? इथं जिकडं तिकडं होस्टेलं उठून राहिलीत, त्याला दगड पायजेच. पण दगड एकदाच जातील, आन् त्यांच्यासंगं झाडंबी. तुम्ही शेरडं आवरली म्हणून त्या दगडांत सीताफळाची झाडं वाढली, पाणी मुरलं, खालच्या हिरीला उन्हाळ्यातबी पाणी ऱ्हायलं. बायांना घरबसल्या धंदा मिळाला. हे दरसाल मिळणारं हाय. मी हो म्हणणार न्हाई, सांग त्याला.

नव्या गावातलं घर पक्कं हाय, पण अव्वा कुठं बसायची ते तिथं दाखवता येत न्हाई. ती जिथं दबून गेली, त्या चुलीच्या जागी झाड आलंय म्हणालास ना?

त्या झाडाची फळं फडक्यात वेगळी बांधून पाठव. ती पोरींना देणार न्हाई मी.

तुझी थोरली,
गौरक्का