इराच्या दोन तारखा

2 जाने., गुरु.
सकाळी इराला ओवाळलं. शिरा केला, तो नेहमीप्रमाणे खाली लागला. आज बारा पूर्ण. कागदोपत्री ती रविवारीच बारा वर्षांची झाली, 29 डिसेंबरला. पासपोर्ट, शाळा, क्लब, सगळीकडे तीच तारीख. आजचा दिवस आमच्याकडे 'तिथीने वाढदिवस' म्हणून चालतो. पोरीला कळायला लागल्यापासून हेच सांगितलंय. इथे परदेशात डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळा, दोन्ही तारखा सुट्टीत पडतात, त्यामुळे कुणी विचारत नाही.

अप्पांचा व्हिडिओ कॉल. सासरेबुवा, निवृत्त मुख्याध्यापक. नातीला आशीर्वाद दिला आणि मग माझ्याकडे बघून दरवर्षीचं वाक्य: "वर्ष वाचवलं मी पोरीचं." मी फोन मंदारच्या हातात दिला. सणासुदीला नवऱ्याच्या वडिलांना काही बोलायला नको.

वर्ष वाचवलं म्हणे. बारा वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला सकाळी मी गावच्या नर्सिंग होममध्ये बाळंत झाले. जन्म 31 डिसेंबरच्या आतला असला तर शाळेत एक वर्ष आधी घेतात. मुख्याध्यापकांची नात दोन दिवसांसाठी मागे राहते की काय! नोंद करणारा ओळखीचा. मी टाके पडून झोपले होते, तेवढ्यात माझ्या मुलीची जन्मतारीख ठरली. मंदार तेव्हाही म्हणाला होता, जाऊ दे.

28 जाने.
रग्बीची नोंदणी सुरू. मुलींचे गट दोन-दोन वर्षांचे: अंडर-12, मग अंडर-14. कोणत्या सालात जन्म, एवढंच बघतात. कागदावर इरा आदल्या सालातली, म्हणून यंदा वरच्या गटात. मेलेची जन्मतारीख 9 जानेवारी. ती खालीच राहणार.

मेले इराच्या वर्गातली, शेजारच्या गल्लीतली, टोंगा बेटांवरच्या घरातली. इरापेक्षा हातभर उंच, खांदे माझ्याएवढे. इरा खऱ्या तारखेने तिच्याहून एक आठवडा मोठी. पण क्लबच्या लेखी मेले लहान मुलींत खेळणार आणि आमची हाडकुळी चौदा वर्षांच्या पोरींशी भिडणार. दर दोन वर्षांनी हेच होतं. इरा आधी वर जाते, वर्षभर राखीव म्हणून बाकावर बसते, मग मेले येते आणि हिला पुन्हा हसू फुटतं. गेल्या खेपेला वरच्या मुलींनी तिचं नाव 'बेबी' ठेवलं होतं. अजून तेच चालू आहे.

गंमत म्हणजे गिरावीनच्या शाळेत दोन्ही तारखांना वर्ग एकच. इथली शाळेची रेषा जुलैत आहे. अप्पांनी वाचवलेलं वर्ष इथे कुणी मोजलंसुद्धा नाही. ते मोजतंय फक्त रग्बीचं मैदान.

11 फेब्रु., मंगळ.
पहिला सराव, वरच्या गटाबरोबर. मी कुंपणाशी उभी. इराने एका मुलीला खालून बरोबर धरलं, अगदी शिकवल्यासारखं, डोकं बाजूला ठेवून. ती मुलगी थांबलीच नाही. इराला पाच-सहा पावलं ओढत नेलं. पोर उठली, माउथगार्ड झटकला, परत रांगेत उभी राहिली. लागलं नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

गाडीत, हॅरिस पार्कच्या सिग्नलला म्हणाली, "आय थिंक आय ॲम डन, आई."

मी म्हटलं, घरी जाऊन बोलू. घरी गेल्यावर बूट स्वतःच धुतले, वर्तमानपत्र कोंबून गराजमध्ये ठेवून आली. सात वर्षांची असल्यापासून तिचे बूट दारातच पडलेले असतात, मी त्यांवरून अडखळते आणि ओरडते. आज दार रिकामं होतं. ओरडायलाही काही नव्हतं.

18 फेब्रु.
क्लबची मीटिंग. विषय: मुली का सोडून जातात. वरच्या गटात गेलेल्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. मला बोलावलं कारण मला 'टेबलं छान बनवता येतात'. भारतीय दिसला की दिला त्याच्या हातात लॅपटॉप.

मुलींचं सगळं लिन बघते. चांगली बाई आहे, सोमवार ते शनिवार क्लबसाठी राबते, संत्री कापण्यापासून रक्त पुसण्यापर्यंत. पण म्हणते काय, तर या वयात मुलींचा इंटरेस्ट जातो, मोबाइल येतो, मित्र येतात, आपण काय करणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, इंटरेस्ट जात नाही, तुम्ही वर्षभर बाकावर बसवता तेव्हा तो घालवला जातो. सालाच्या शेवटी जन्मलेल्या किती जणी टिकल्या ते एकदा बघा. लगेच कुणीतरी सॉसेज सिझलचा, म्हणजे क्लबसाठी सॉसेज भाजून विकण्याचा, विषय काढला.

परतताना लिन माझ्यामागे आली. म्हणाली, अंगाने लहान असेल तर एक वर्ष खाली खेळायला परवानगी मिळते, इराचा अर्ज कर. शनिवारी वजन-उंची होईल. आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, कुणी विचारलंच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पण आशाही वाटली, खोटं कशाला लिहू. इराला सांगितलं तर खांदे उडवले, पण बूट गराजमधून परत दारात आले.

22 फेब्रु., शनि.
काय लिहू. स्वतःच्या हाताने केलं.

वजन छत्तीस किलोच्या आत हवं होतं. सकाळी नेमकं पोरीला दोन थालीपीठं, वर दही, वर केळं खायला घातलं. परीक्षेला, प्रवासाला, डॉक्टरकडे, उपाशी पोटी पोर घराबाहेर पाठवायची नाही, हे आईकडून घेतलेलं, डोक्यात आलंच नाही की आज उलटं करायचंय. ऊन म्हणून वाटेत पाण्याची बाटलीही संपवायला लावली. काटा: छत्तीस पूर्णांक चार.

लिनला म्हटलं, तासाभराने परत घ्या. म्हणाली, एकदाच घ्यायचा नियम आहे, सॉरी मेट. मंदार शेजारी. म्हणाला, अजून एक थालीपीठ उरलंय का? त्याला हसवायचं होतं. मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

इरा गाडीत म्हणाली, "इट्स ओके, आई. इट वॉज यम." त्याने जास्त लागलं.

24 फेब्रु.
मंदारला सरळ विचारलं. खरी तारीख सांगून टाकू या का? नर्सिंग होमचं कार्ड माझ्या फाइलमध्ये आहे. त्यावर स्वच्छ लिहिलंय, 2 जानेवारी, सकाळी सहा-चाळीस, मुलगी.

तो पांढराफटक पडला. आपला नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झालाय, फक्त शपथेच्या सोहळ्याचं पत्र यायचंय. पासपोर्टवर चुकीची तारीख, व्हिसावर चुकीची, अर्जावर आपल्या दोघांच्या सह्या. एका खेळासाठी सगळं पणाला लावायचं?

'एका खेळासाठी.' शनिवारी सकाळी सहाला उठून तिच्या बुटांच्या नाड्या बांधणारा हाच माणूस.

मग मी अप्पांना फोन केला. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा आवाज शांत, वर्गात उभे असल्यासारखा. म्हणाले, आमच्या काळी मी शंभर पोरांच्या तारखा बदलल्या, सगळी मार्गी लागली. माझं स्वतःचं वय कुणाला ठाऊक आहे? मास्तरांनी लिहिलं ते. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही तिचं वर्ष वाचवलं नाही, काढून घेतलं. मग म्हणाले, मंदारला दे. मंदार बाथरूममध्ये लपला होता.

26 फेब्रु., महाशिवरात्र
कामावरून, लॅबमधून, उपाशीपोटी आले, साबुदाणा भिजवलेला होता. खिचडी करत होते. इरा ओट्यावर बसून शेंगदाणे खात होती. म्हणाली, लास्ट इयर हे मार्चमध्ये होतं ना? माझ्या नेटबॉल कॅम्पच्या दिवशी?

मी म्हटलं, हो, तिथीने येतं, दरवर्षी पुढेमागे होतं.

"गणपतीपण?"

"हो."

"मग माझी तिथी का हलत नाही?"

हातातला झारा तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, गणित सोडवल्यासारखी. म्हणाली, तिने फोनवर मागच्या सगळ्या वर्षांचे फोटो बघितले. दरवर्षी दोन जानेवारीच.

सांगितलं. सगळं. गॅस बंद करून, तिच्यासमोर खुर्ची ओढून. नर्सिंग होम, अप्पा, शाळा, दोन दिवस. कार्ड काढून दाखवलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने कार्डावरून बोट फिरवलं, माझं नाव, वेळ, वजन. मग हळूच विचारलं:

"सो आय ॲम नॉट द यंगेस्ट?"

"नाही."

"मी त्या टीममध्ये सगळ्यात मोठी असणार होते. मेलेपेक्षा मोठी."

"हो."

"आणि तुम्ही त्यांना मला बेबी म्हणू दिलं."

खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. खिचडीचा गोळा झाला. मी तशीच खाल्ली, मंदारनेही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

1 मार्च, शनि.
तीन दिवस आमच्याशी बोलते ती कामापुरतं. अप्पांचा फोन आला तर घेतला नाही. तिने स्वतः लिस्ट केली आहे, कुठल्या वर्षी कुठल्या गटात गेली आणि खऱ्या तारखेने कुठे असती. किती सामने बाकावर होती तेसुद्धा आठवून लिहिलंय. फ्रिजवर लावलंय, सामानाच्या यादीखाली, जाता-येता दिसेल असं. मंदारने काढलं नाही. त्याबद्दल त्याला एक मार्क.

रागामागून राग येतो. अप्पांवर येतो, पण त्यांना वाटत होतं भलं करतोय. मंदारवर येतो. क्लबवर तर रोज. आणि मग लॅबमध्ये दिवसभर मी काय करते? रक्ताच्या नळीवरचं नाव आणि जन्मतारीख फॉर्मशी ताडून बघते. दोन्हीत फरक असेल तर सॅम्पल बाद, कुणाचंही असो. आठ वर्षं हे काम करते. परवा एका म्हातारीचं रक्त मी फेकलं, वर्षात एक आकडा चुकला होता म्हणून. तिला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. आणि घरात?

घरात मी तिथी सांगत बसले. माझ्याच तोंडाने. सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

5 मार्च
पत्र आलं. एप्रिलमध्ये शपथेचा सोहळा, तिघांची नावं. मंदारने दोनदा वाचलं, डोळ्यांत पाणी. मला बरं वाटायला हवं होतं.

म्हणाला, एवढा सोहळा होऊ दे. मग वकील गाठू, तारीख दुरुस्त करू, पुढच्या वर्षी ती हव्या त्या गटात खेळेल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी खऱ्या तारखेनेही गट वरचाच, प्रश्न याच वर्षाचा आहे, आणि तोवर ती सोडून गेलेली असेल. आणि आधी शपथ घ्यायची, मग सांगायचं की कागद खोटे होते? ते जास्त वाईट नाही?

म्हणाला, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही त्याला. मलाही नाही. दगडाखाली हात आहे दोघांचा.

इरा जिन्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "मी खोटी डेट लिहून खेळणार नाही. खरी लिहा नाहीतर नका लिहू." आणि वर गेली. हुबेहूब अप्पांचा आवाज. बारा वर्षांची पोर मुख्याध्यापकासारखी बोलते आणि मला भीती वाटते.

6 मार्च, गुरु.
उद्या नोंदणी बंद.

दुपारी लिनचा मेसेज. इराचं नाव अजून आलं नाही. 'परत न आलेल्या' यादीत टाकू का? यादी मीच बनवून दिली होती, मीटिंगनंतर. कारणांच्या रकान्यात निवडायला चार पर्याय दिलेत, दुखापत, दुसरा खेळ, घर बदललं, इंटरेस्ट नाही. त्यातला एकही बसत नाही.

शिफ्टवरून आल्यावर फॉर्म उघडला. जन्मतारखेच्या चौकोनात 2 जानेवारी टाकलं, खऱ्या सालासकट. लाल अक्षरं आली: नोंदीशी जुळत नाही. हे वाक्य मी रोज इतरांना लिहून पाठवते.

लिनला लिहिलं: नको टाकूस, ती गेलेली नाही. उद्या सकाळी क्लबवर येते, तुला एक कागद दाखवायचाय, लॉन्ग स्टोरी. उत्तर लगेच: नो वरीज. बिचारीला माहीत नाही काय येतंय तिच्या अंगावर. आमच्याही.

कार्ड पर्समध्ये ठेवलंय. मंदारला अजून सांगितलेलं नाही. तो मागच्या अंगणात सोहळ्यासाठी सूट उन्हात घालतोय, आठ वर्षांचा वास गेला पाहिजे म्हणून.

इरा आता खाली आली, पर्समधून डोकावणाऱ्या कार्डाकडे बघितलं. बूट दारातून उचलून बॅगेत भरले. म्हणाली, मीपण येते, त्यांनी विचारलं तर मीच सांगेन माझा बर्थडे.