कोंबडी खडक आणि तोंडातला बाजा

स्पार हार्बर, मेन
१८ जून १९९६

चि. मर्ल यास लोविनाताईचे अनेक आशीर्वाद आणि सोबत एक धपाटा.

धपाटा अशासाठी की नाताळनंतर तुझं ओळीचंही पत्र नाही. नेब्रास्कात शाई मिळत नाही का रे? मी मजेत आहे. गुडघा दुखतो, पण तो आता घरचाच झालाय.

बातमी अशी की गावाला वेड लागलंय. १३ जुलैला धक्क्यावर ब्लूज गाण्यांचा जलसा आहे आणि कमिटीची सेक्रेटरी कोण, तर मी! ब्लूज म्हणजे काय हे कमिटीतल्या सातांपैकी पाच जणांना ठाऊक नाही. फॅनी क्रॉली म्हणाली की रडायचंच असेल तर चर्च आहे, त्यासाठी मंडप कशाला. मिसिसिपीहून डोशिया गेट्स म्हणून एक म्हाताऱ्या गायिका यायच्यात, त्या आपल्याकडे उतरतील. तुझी खोली रंगवून घेतली.

आता मुद्द्याचं. लीमन थर्लोनं बाबांचे रंग मागितलेत, जावयासाठी. आपला सापळ्यावर तरंगणारा नारिंगी बोया, त्यावर दोन हिरवे पट्टे. नेम तुला ठाऊकच आहे: पाच उन्हाळे मालकानं स्वतःच्या हातानं शेवंडाचा सापळा उचलला नाही, तर रंग मागेल त्याचे. हा पाचवा उन्हाळा. २७ जुलैला सभा आहे. ये आणि एक सापळा उचल, एवढंच मागते. बाबांचे रंग थर्लोच्या जावयाच्या होडीमागे तरंगताना मला बघवणार नाहीत.

उत्तर दिलंस तर लोभ, नाही तर दुसरा धपाटा.

तुझी
लोविनाताई


ओगडेन क्रॉसिंग, नेब्रास्का
२४ जून

ती. ताईस धाकट्याचा शि. सा. न. वि. वि. गुडघ्यालाही माझा नमस्कार सांग.

धपाटा पोचला, पाठ अजून लाल आहे. मी ठीक. धान्याच्या कोठारात काम जोरात आहे, अंगभर भुसा, आणि आपला समुद्र दीड हजार मैलांवर. मला हे अंतर बरं वाटतं.

ताई, रंग देऊन टाक. होडीच नाही तर रंग घेऊन काय करू? भर दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, मी बाबांची होडी ‘ल्युसिंडा’ कोंबडी खडकावर घातली. का, तर डोळे मिटून माउथ ऑर्गन वाजवत होतो! वादळात गेली असती तर लोकांनी दुःख केलं असतं. मी पोहत आलो तो बाजा दातात धरून, आणि अख्खा धक्का पोट धरून हसत होता. थर्लो तर टोपी काढून उभा राहिला, अंत्ययात्रेला राहतात तसा. ते हसू अजून कानात आहे. बाजा ट्रंकेच्या तळाशी आहे, तिथंच राहू दे.

जलसा चांगला होवो. फॅनीला म्हणावं, रुमाल आण.

राग धरू नकोस. धरलास तर थोडाच धर.

तुझा
मर्ल


स्पार हार्बर
५ जुलै

चि. मर्ल यास आशीर्वाद. धपाटा राखून ठेवलाय.

बाहेरगावच्या होड्या धक्क्याला लागायच्या, तर त्यांची वाट दाखवायला काही तरी तरंगतं हवं असं कमिटीत ठरलं. मी म्हटलं, माझ्याकडे द्या हे काम. आपल्या शेडमधले बाबांचे बारा बोये काढले, नारिंगी रंग दिला, हिरवे पट्टे ओढले आणि पर्सीच्या होडीतून जाऊन पहाटे टाकून आले.

सकाळी बंदरात नुसता गोंधळ! मर्ल कार्व्हर आला, मर्ल कार्व्हर आला! प्रत्येक शेवंडवाला लांबून वळसा घालून जाऊ लागला, दुसऱ्याच्या दोरीला धक्का लागायला नको म्हणून. आता जलशाची वाट मोकळी राहण्याऐवजी पूर्ण अडलीय आणि अध्यक्ष माझ्यावर भडकलेत. फॅनी तुझ्यासाठी ब्लूबेरीचा केक घेऊन आली. तू झोपलायस असं सांगितलं आणि मीच खाल्ला. लीमन दारात येऊन विचारून गेला, की तू खरंच आलायस का. मी म्हटलं समुद्राला विचार.

अकरा बोयांखाली दगड आहेत. बाराव्याखाली सापळा आहे, हेरिंग माशाचं आमिष घालून. तुझा परवाना मी दरवर्षी नवा करून घेते, का ते विचारू नकोस. दुसऱ्याच्या सापळ्याला हात लावणं इथं खुनापेक्षा वाईट, तेव्हा तो तुझ्याशिवाय कुणीच उचलणार नाही.

डोशियाबाई तिकडच्या उकाड्याला कंटाळून आठवडाभर आधीच आल्यात. तुझी गोष्ट सांगितली तर टेबल धरून हसल्या, मग माझ्याकडून पेन मागून घेतलं. खालच्या ओळी त्यांच्या.

यायचं नसेल तर लोभही मागू नकोस.

तुझी
लोविनाताई

बाळा, साठ वर्षं मी हेच गातेय: माणूस गेला, घर गेलं, गाडी चुकली. पण वाजवता वाजवता होडी घालवली आणि बाजा वाचवला, असं गाणं मला कधी मिळालं नाही. मिळालं असतं तर तुझ्यासारखं ट्रंकेत पुरून ठेवलं नसतं. लोक हसले म्हणतोस? माझ्या गाण्यात लोक हसतात तेव्हाच मला कळतं की ते ऐकताहेत. — डोशिया गेट्स


स्पार हार्बर
१६ जुलै

चि. मर्ल यास आशीर्वाद, धपाटा, पापा, सगळंच. आज मोजत बसत नाही.

असा कसा रे तू! आलास वावटळीसारखा आणि रविवारच्या बसनं गेलास. म्हणे कोठाराच्या किल्ल्या खिशात राहिल्यात. हे काय सांगणं झालं?

अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. आधी डोशियाबाईंच्या बाजावाल्यानं शेवंडाची नांगी दातानं फोडायला जाऊन ओठ चिरून घेतला. कुणी सांगितलं होतं त्याला? हातोडी समोरच होती! बाई बाजाशिवायच गायला उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या गाण्याला तू, जुलै महिन्यात लोकरीचा कोट घालून, मंडपातून सरळ धक्क्याच्या काठाकडे! माझ्याकडे बघितलंही नाहीस. लीमनच्या होडीत उतरलास, त्याच्याच! बाईंनी गाणं थांबवलं. हजार माणसं पाण्याकडे तोंड करून उभी. सापळा वर आला, तू काही तरी हातात घेतलंस, पट्टीनं मोजलंस आणि परत पाण्यात टाकलंस. सगळा धक्का हळहळला. मग ओल्या पँटनं मंचावर चढलास आणि खिशातून बाजा काढलास. पुढचं काय लिहू, फॅनी चर्चशिवाय रडली. मी तर रडत रडत नाचले. गुडघा त्याचा सूड घेतोय.

पण होडीत काय झालं? लीमन तोंड उघडत नाही, नुसता हसतो. सभा अकरा दिवसांवर आहे. रंगांचं काय? आणि तुझं काय?

लवकर लिही, जीव टांगणीला लागलाय.

तुझी
लोविनाताई


ओगडेन क्रॉसिंग
२० जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. पाप्याची परतफेड समक्ष करीन.

ऐक. तुझ्याकडे बघितलं असतं तर पाय मागे फिरले असते, म्हणून बघितलं नाही. लीमनच्या होडीत बसलो तो टोमण्यांची तयारी ठेवून. पण त्यानं नुसतं इंजिन सुरू केलं. बाराव्या बोयापर्यंत आलो. सापळा वर घेतला. आत एकच शेवंड. पट्टी लावली तर ठरल्या मापाला केसभर कमी. लीमन बघत होता. कुणाला कळलं नसतं गं, पण कायदा तो कायदा, टाकला पाण्यात. मी म्हटलं, संपलं, रिकाम्या हातानं कसलं मोजतात. तो म्हणाला, नेम उचलण्याचा आहे, मिळवण्याचा नाही. जावयाला दुसरे रंग बघायला सांगतो, त्याला पिवळाही शोभेल.

मग विचारलंच मी, त्या दिवशी टोपी का काढलीस. तो दोरी गुंडाळायला लागला. म्हणाला, तुझ्या बापाच्या होडीला काढली होती, तू काय समजलास? आणि बाजा आणलायस का ते सांग. धुकं पडलं की आम्ही त्या बाजावरून ओळखायचो मर्ल कुठं आहे, त्याला धडकायचं नाही. पाच वर्षं बंदराची पूर्वेची बाजूच मुकी झालीय, गड्या. मी वीस वर्षं नाव चालवतोय, पण धुक्यात तिकडं जायला भितो.

ताई, मला वाटत होतं सगळं बंदर मला हसतंय, आणि ते मला ऐकायला कान लावून बसलं होतं. पाच वर्षं मी हे नाहक ओढलं.

किल्ल्या परत दिल्या, नोकरी सोडतोय. शनिवारी सभेला पोचतो. अकरा दगड काढून ठेव, बोयांना सापळे लागतील. होडीचं नंतर बघू, तोवर लीमन त्याच्या होडीतली मधली फळी मला बसायला देतोय. इथल्या कोठाराच्या माथ्यावर बसून रोज सराव करतो. दीड हजार मैलांत एक खडक नाही, म्हणून डोळे मिटून.

शनिवारी धुकं असलं तर दिवा लावून खिडकीत बसू नकोस. नुसता कान दे, माझ्याआधी बाजा पोचेल.

लोभ आहेच, आता समोर बसून करू.

तुझा
मर्ल