जहाजावर चढण्यापुरते कागद

११ ऑक्टोबर, सातारा
सुहासचा फोन. त्याचं जहाज आता दर आठवड्याला मुंबईहून सुटणार. दोन रात्री समुद्रात, परत मुंबई. प्रवासी येतील-जातील, त्याच्यासारख्या वाढप्यांना मात्र धक्क्यावर पाऊल टाकायला बंदी. पावणेदोन वर्षं झाली त्याला बघून. हे गेले तेव्हाही येता आलं नाही.
"आई, मला उतरू देत नाहीत गं."
"मग मी चढते."
तो हसला. मी हसले नाही.

१३ ऑक्टोबर
तिकीट काढलं. चार डिसेंबर. जेवायला बसायचं, मुलगा वाढेल. नियम दोनच : लशीचे दोन्ही डोस, बहात्तर तासांच्या आतली चाचणी. सोपं आहे.

१९ ऑक्टोबर
सोपं नाही. प्रमाणपत्र पाठवलं, परत आलं. एकच डोस दिसतो म्हणे.
पहिला साताऱ्यात घेतला, अनुराधा नावानं. तेव्हा इथली लस संपली म्हणून दुसरा माहेरी, कवठे महांकाळला. आधार घरी विसरलेलं. दादानं कपाटातून माझं लग्नाआधीचं पासबुक काढलं आणि नाव सांगितलं, शालन. सरकारदरबारी आता दोन बायका आहेत. प्रत्येकीचा एक डोस.
दादाला फोन केला. उलट मलाच,
"मग काय सांगायचं व्हतं? इथं अनुराधा कोन वळखतंय? त्या नावानं हाक मारली असती तर तू तरी उठली असतीस का?"
नसते कदाचित.

२१ ऑक्टोबर
शेजारच्या कुलकर्णीबाई : "अजून एक टोचून घ्या की. कोण बघतंय?"
नको. घेतलेली आहे, तीच सिद्ध करायची.

२६ ऑक्टोबर, सांगली
सकाळच्या एस.टी.नं आले. दादा स्टँडवर. आरोग्य कार्यालयात दीड तास बाकावर.
"नाव बदलल्याचा पुरावा?" कारकुनानं विचारलं.
लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. यांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं. जमलेल्यांनी वाचलं. मग सासूबाईंनी तांदूळ डब्यात ओतले. तेच सांगितलं त्याला.
"आमच्या आईचं बी तसंच हाय, मॅडम. पण मला कागद लागतोय."
दादा मध्येच, "आवं सायेब, मी सख्खा भाऊ हाय. मी सांगतोय न्हवं!"
"तुमीच तर घोळ घातलाय, काका."
दादा बाहेर जाऊन चहा पिऊन आला.

२९ ऑक्टोबर, सातारा
शाळेत नोकरी लागली ती लग्नाआधी. म्हणजे सेवापुस्तकात दोन्ही नावं असणार. ट्रंक उपसली. आहे. नावबदलाची नोंद, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. साक्षांकित प्रत करून दादाकडे पाठवली. तोच नेऊन देणार. "मी घातला, मीच निस्तारतो."

१२ नोव्हेंबर
आलं. एक बाई, दोन डोस. कंपनीनंही मान्य केलं.

२५ नोव्हेंबर
मेल. चाचणी आता अठ्ठेचाळीस तासांच्या आतली. शिवाय बंदरावर आणखी एक.
तास मांडले. चढायचं चार तारखेला दुपारी बारा वाजता. नमुना दोन तारखेला दुपारी दोन वाजता दिला तर दोन तास शिल्लक. पण अहवाल तीन तारखेला सकाळी हातात हवा.
लॅबमधल्या बाई : "संध्याकाळपर्यंत मिळंल, बघते."
"बघू नका. दहा वाजता द्या."
"शाळेत होता काय हो तुम्ही?"

३० नोव्हेंबर
पुन्हा मेल. भोजनगृह बंद. ताट खोलीच्या दाराशी ठेवणार. वाढप्यानं बेल वाजवायची, सहा फूट मागं सरायचं.
सुहासला फोन केला. तो म्हणाला, "रद्द कर, आई. पैसे परत देतायत."
"माझ्या मजल्यावर ड्यूटी मागून घे."
"कारण विचारतील."
"आई आलीय, सांग."
"मास्कमध्ये नुसते डोळे दिसतील तुला."
"चालतील."

२ डिसेंबर
नाकातून, घशातून. डोळ्यांत पाणी. वेळ लिहून घेतली, १.५५. पाच मिनिटं आधी. चालतंय.

३ डिसेंबर
निगेटिव्ह. दहा वीसला मिळाला. दुपारच्या गाडीनं निघते आहे. बेसनाचे लाडू घेतले होते. बाहेरचं खाणं जहाजावर चालत नाही, असं मेलच्या तळाशी. कुलकर्णीबाईंना दिले.
ड्यूटीचं अजून कळलं नाही.

४ डिसेंबर, मुंबई
बंदर. इथली चाचणी झाली. पॉझिटिव्ह निघाल्यास उजवीकडच्या दारानं बाहेर. आत्तापर्यंत दोघं गेले. एक नवीनच लग्न झालेली मुलगी होती, हातभर चुडा.
माझा निकाल यायचा आहे. सुहासचा फोन बंद, कामावर असणार.
काचेतून जहाज दिसतं. इतकं उंच असेल असं वाटलं नव्हतं. खालच्या एका गोल खिडकीत पांढरा शर्ट उभा आहे. कोणीही असेल.
डावा हात वर केला. अजून वरच आहे. वही धरायला हात उरला नाही, अक्षर वाकडं येतंय.