सशांचं माहेरपण

८ जून, रविवार
कापूस आज पुन्हा माझ्या उशीवर. लेकीचा ससा. मृण्मयी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा म्हणाली, "आई, महिनाभर सांभाळ, मग नेते." महिना कधीच उलटला. आता न्यायला आलीस तरी देणार नाही, असं परवा मीच फोनवर सांगून टाकलं. हसली. लबाड आहे, तिला आधीपासून ठाऊक होतं.
दुपारी वरच्या दवे काकी. त्यांच्या भाच्याकडे ससा आहे, घरचे सगळे लग्नाला सुरतला चाललेत. "तुम्हारे पास एक है ही, दूसरा भी रह लेगा ना, वैशाली?" मी हो म्हटलं. आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं, ही आपली जुनी रीत.

१० जून, मंगळवार
पाहुणा आला. नाव स्नोई. पांढराशुभ्र, लाल डोळे, नजर सासऱ्याची. मृ.च्या खोलीत ठेवलाय. आल्यापासून मागचे पाय आपटतोय. बाहेरून कापूस उत्तर देतोय. खालच्यांना वाटेल वर मसाला कांडतायत.
प्र. ऑफिसातून आला, दारातच थबकला.
"हे कोण?"
"गेस्ट."
"कधीपर्यंत?"
"लग्न होईपर्यंत."
"कोणाचं?"
नवरा विनोदी आहे, पण जेवायच्या आधी नको वाटतं.

१६ जून, सोमवार
स्नोई गेला. काल खोलीभर उड्या मारत होता, हवेतच अंग झटकत होता. ससा खूश झाला की असं करतो. मी दारात उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या.
आज खोली रिकामी. मृ. गेली तेव्हा रडले नव्हते, कामात होते. आज झाडू मारता मारता रडले. चांगलं वाटलं.
संध्याकाळी भाच्याचा फोन. "आंटी, माझ्या दोन मित्रांकडे पण ससे आहेत. ते पण विचारतायत." मीरा रोडला इतके ससे आहेत? कुत्रेच दिसतात सगळीकडे.

२२ जून, रविवार
ठरलं. दवाखान्यातली माझी रिसेप्शनची नोकरी, डॉक्टरांनी दवाखानाच बंद केला तेव्हापासून नाही. घरात बसून भिंतींशी बोलायचं वय नाही माझं. मृ.ची खोली आता पाहुण्या सशांची, पैसे घेऊन सांभाळायचे. ती फोनवर म्हणाली, "आणि मी आले की?" म्हटलं हॉलमध्ये झोप, तू घरचीच आहेस.
प्र.ने दिवसभर वायरी पाइपात घातल्या. कापसाने वायफायची वायर कुरतडली तेव्हा क्रिकेट चाललं होतं, ते त्याला अजून आठवतं. जाळीची कुंपणं लावली, प्रत्येकाचं वेगळं. एकमेकांत सोडायचे नाहीत, मारामाऱ्या करतात.
नाव प्र.नेच सुचवलं. माहेरपण. अट एकच, येताना रोजचं खाणं आणायचं आणि घरातलं एक न धुतलेलं फडकं. आपला वास असला की ससा जेवतो. ससा जेवला नाही की माझं काही खरं नाही. अर्धा दिवस उपाशी राहिला तरी पोट बंद पडतं, हे प्राण्यांच्या डॉक्टरांनी मला कापसाच्या वेळी दम देऊन सांगितलंय.

५ जुलै, शनिवार
गवताची सोय झाली. काशीगावच्या हिराबाई बाजारात दूर्वा, बेल, आघाडा घेऊन बसतात. ताजं गवत आणून द्याल का विचारलं.
"लॉज हाय का सशांचा?"
"हाय."
"नर-मादी एकत्र ठेवता?"
"छे. वेगवेगळे."
"मंग बरं हाय. नायतर म्हैन्याभरात दोन भारे लागतील."
शेजारची फूलवाली इतकी हसली की तिचा गजरा सुटला.

१९ जुलै, शनिवार
सध्या माझ्याकडे तीन स्नोई. लोकांना दुसरं नाव सुचत नाही का? कुंपणांवर आडनावं चिकटवली. स्नोई गुप्ता, स्नोई परेरा, स्नोई जाधव.
परेरा मॅडमचा व्हिडिओ कॉल आला, घाईत मी स्नोई गुप्ता दाखवला. त्या रडायलाच लागल्या. "ओ माय बेबी, किती मिस करतोय बघा मला." फोन ठेवल्यावर कळलं. मी काही बोलले नाही. नंतर खऱ्याला पुदिन्याची एक जास्तीची काडी दिली.

३ ऑगस्ट, रविवार
फोन, फोन, फोन. सगळ्यांना गणपतीत गावी जायचंय. कोणी रत्नागिरी, कोणी महाड. भाईंदरच्या साळवी बाईंचा भोपळा, जाधवांचा स्नोई, अजून चार. मी आपली हो, हो, हो. एवढं बुकिंग पहिल्यांदाच. आनंदात शिरा केला.
शिरा खाताना प्र.ने विचारलं, "आणि आपली तिकिटं?"
चमचा तसाच हातात राहिला.
आपली तिकिटं कधीच काढलेली आहेत. मी कोकणातल्या घरची थोरली सून. लग्न झाल्यापासून एकही गणपती चुकलेला नाही. सासूबाईंची बोटं आखडली तेव्हापासून नैवेद्याचे मोदक माझ्याकडे. माणसं कोकणात जातात म्हणून ससे माझ्याकडे येतात, आणि मी स्वतःच कोकणात जाते. एवढी साधी गोष्ट अख्ख्या खोलीला जाळ्या मारताना माझ्या डोक्यात आली नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
साळवी बाईंना फोन केला, जमणार नाही म्हणून. म्हणाल्या, "ताई, लेक माझी, ऋतुजा, भोपळ्याला टाकून येणार नाही. ती नाही तर मी पण नाही. दीर एकटेच जातील. असू दे, तुमची पण अडचण आहे."
म्हणजे त्यांचा गणपती नाहीतर माझा.
आणि खरं सांगू का, स्वतःलाच सांगतेय म्हणून. मला राहायचंय. पहिल्यांदाच माझं असं काहीतरी चाललंय. ऐन गणपतीत माहेरपण बंद ठेवलं तर लोक पुन्हा कशाला विचारतील?

७ ऑगस्ट, गुरुवार
सा.बां.ना फोन. नंबर दोनदा लावून कापला, एवढी मोठी बाई मी.
"सशांसाठी?"
"हो, आई."
"कोणाचं बाळंतपण असतं, आजारपण असतं, तर समजले असते गो."
मग नुसतं, "बरं."
सा.बां.चं बरं म्हणजे निकाल. पुढे अपील नाही.
प्र. म्हणाला, "मोदक मी करतो." हसू आलं, रडूही. हा माणूस चहात साखर टाकताना मला विचारतो, किती.

१७ ऑगस्ट, रविवार
मोदकांची तालीम. पहिली उकड डिंक. दुसरी भुसा. तिसऱ्या वेळी कळ्या पडल्या, पण उकडताना सगळे फुटले. प्र. मोदकपात्राशी वाद घालत होता. "सारण बाहेर येतंच कसं?" म्हटलं तू दाबून भरतोस, बॅग भरतोस तसं. दोघांनी फुटके मोदक तूप घालून खाल्ले. कितीतरी वर्षांत रविवारची दुपार इतकी मजेत गेली नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार
प्र. गेला. मृ. पुण्याहून परस्पर जाईल. इकडे पाहुणे हजर. भोपळा म्हणजे खरंच भोपळा, तपकिरी, मानेखाली वळी. ऋतुजा त्याच्या कानात काहीतरी सांगत होती, साळवी बाई घड्याळ बघत होत्या. जाताना पोरीने मला दटावलं, "त्याला बिचारा म्हणायचं नाही. तो रुसतो."

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी
सकाळपासून प्रत्येक इमारतीतून आरती. माझं स्वयंपाकघर गप्प. सशांना दूर्वा घातल्या, देवाला वाहते तशा जुड्या करून. मग खूप रडले. राहायचं होतं हे खरं, गेले असते तर बरं झालं असतं हेही खरं.
प्र.चा फोन. एकवीसातले अकरा फुटले. "आई काय म्हणाल्या?" "काही नाही. न फुटलेले पुढे मांडले." फोनवर आल्या नाहीत. पाणी भरतायत म्हणे.

२८ ऑगस्ट, गुरुवार
झोप येणार नाही, लिहून काढते.
दुपारी खाली सोसायटीच्या आरतीला गेले. चावी दवे काकींकडे, जरा बसा म्हटलं. परत आले तर काकी खुशीत. "सबको प्रसाद दे दिया. प्रसाद को कौन मना करता है?" पेढा. सशांना. बाकीच्यांनी नुसता हुंगला. स्नोई जाधवने पाय दिला. भोपळ्याने अख्खा खाल्ला. घरी ऋतुजा चोरून बिस्किटं घालत असणार, त्याला गोडाची सवय.
संध्याकाळी गवताला तोंड नाही. लेंड्या नाहीत. कोपऱ्यात पोट जमिनीला दाबून बसला. डॉक्टरांना फोन, टोपली, रिक्षा. काकी मागून अनवाणी धावत आल्या, रिक्षात बसल्या, रस्ताभर एकच, "मैंने तो प्यार से दिया."
मी त्यांच्यावर ओरडले. रिक्षावाला आरशातून बघत होता. चूक माझीच. काकींना काय माहीत? सांगायला मी हवी होते.
इंजेक्शन, पोटाला चोळायचं, सिरिंजने पातळ खाणं. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत बघू."
साळवी बाईंना कळवलं. लपवणं जमलं नाही. मागे ऋतुजाचा आवाज, "काय झालं भोपळ्याला?" बाई म्हणाल्या, "ताई, निघू का आम्ही?" थांबा म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हटलं देव जाणे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
लेंड्या.
आधी एक, बारीक. मग तीन. मग जाळीशी येऊन त्याने हिराबाईंचं गवत ओढलं आणि चावायला लागला, करकर करकर. तो आवाज ऐकून मी खोलीच्या मधोमध खालीच बसले. दवे काकी रात्री गेल्याच नव्हत्या, बेडशीटवर माळ घेऊन बसलेल्या. मी त्यांना मिठी मारली. त्या लेंड्यांना हात जोडत होत्या. आम्ही दोघी इतक्या हसलो की कापूस घाबरून कपाटामागे गेला.
साळवी बाईंना व्हिडिओ पाठवला. लगेच त्यांचा फोन, पलीकडे ऋतुजा नुसती किंचाळत होती.
मग प्र.चा फोन. म्हणाला, काल रात्री तुझा मेसेज आईला वाचून दाखवला. आरतीनंतर काका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मुंबईच्या पोरांना सुखी ठेव, शेतीला राख, सगळं झालं. शेवटी आई मागून म्हणाली, "थोरलीच्या घरच्या सशाचं राहिलं." काकांनी मान हलवून पुन्हा सुरू केलं, बा देवा महाराजा, मीरा रोडला सुनेच्या घरी ससा आजारी पडलाय, त्याच्या पोटात अडलेलं मोकळं कर. आणि सगळी भावकी एका सुरात, होय महाराजा.
फोन कानाला धरून मी ढसाढसा रडले. काकींना वाटलं ससा गेला.

१ सप्टेंबर, सोमवार
भोपळा पूर्ववत उद्धट. पाण्याचं भांडं उलटं करतो. खोलीच्या दारावर मोठी पाटी लावली, मराठीत, हिंदीत, आणि दवे काकींनी गुजरातीत. देवाचा प्रसाद फक्त माणसांना.

३ सप्टेंबर, बुधवार
भोपळा गेला. ऋतुजाने मला गावचे आवळे दिले. साळवी बाई माझा हात सोडेनात. म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मी तिकडे बसू शकले."
संध्याकाळी प्र. आला. मागून सा.बा. पिशवी घेऊन, राग नाकाच्या शेंड्यावर. गौरी पोचवून थेट गाडीत बसल्या म्हणे. "कोणासाठी माझा गणपती सोडला ते बघायला आले." चप्पल काढून सरळ मृ.च्या खोलीत. राहिलेल्या पाहुण्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या. स्नोई जाधवने लुगड्याचा काठ चावला. मी धावले. "असू दे," म्हणाल्या, "जुनं आहे."

५ सप्टेंबर, शुक्रवार
सा.बा. अजून नीट बोलत नाहीत. पण सकाळी उठून बघते तर खोलीत. स्नोईला गाऊन दाखवतायत. मला बघून गाणं बंद, खोकला सुरू.
दुपारी भात कालवताना एकदम म्हणाल्या, "मोदक फुटले तरी गणपती काही रुसला नाही. मीच रुसले होते." मी आमटी वाढली.

७ सप्टेंबर, रविवार
सकाळी परेरा मॅडमच्या ओळखीतल्या एका बाईंचा फोन. पुढच्या गणपतीसाठी आत्ताच जागा हवी. गाडीची तिकिटं आधी काढतात, मग सशाची पण आधीच नको का? म्हटलं, कळवते.
सा.बा. कोथिंबीर निवडत होत्या.
"हो म्हणालीस?"
"नाही. कळवते म्हटलं."
"त्याचे मोदक फुटतात."
"फुटतात."
"आरतीला तू नव्हतीस. मला करमलं नाही गो."
लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. "मग काय कळवू त्यांना?"
फोन लाव म्हणाल्या नाहीत, लावू नको असंही नाही. पुढच्या वर्षी मी कुठे असेन, मला खरंच माहीत नाही. सा.बा. जुडीतली कोवळी पानं सशांसाठी वेगळी काढत बसल्या. आमटीसाठी जून काड्या ठेवल्या.