पाच पायांचा फिल्टर

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे परत घेण्याचा हक्क राखून.

काल हवामानवाल्यांनी आकाश निरभ्र राहील म्हणून सांगितलं आणि गच्चीवर टाकलेल्या माझ्या गादीचा लगदा झाला. फोन करून जाब विचारला, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, आजी, अंदाज तो अंदाजच. मी त्यांची आजी कधी झाले? तेव्हा ठरवलं, यापुढे थेट उपग्रहालाच विचारायचं. निवृत्तीला तू दिलेला रेडिओ रिसीव्हर काढला, गच्चीवर दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बेचक्यासारख्या बांधल्या. उपग्रह डोक्यावरून जाताना घड्याळासारखी टिकटिक आली आणि लॅपटॉपवर खरोखर चित्र उमटलं! पण ढग जिथे दाट, पांढरेशुभ्र, नेमकं तिथेच ते उंदरांनी कुरतडल्यासारखं. सेट पार्सलने पाठवते आहे. चाळीस वर्षं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवतोस, बहिणीच्या सेटला नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते काम बघून ठरवीन.
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पार्सल पोचले. सेटमध्ये दोष नाही. तो बोलणे ऐकण्यासाठी बनवला आहे, म्हणून त्यातला फिल्टर अरुंद आहे. उपग्रहाचा सिग्नल रुंद असतो. चित्र जितके पांढरे, तितका तो पसरतो आणि त्याच्या कडा फिल्टरवर कापल्या जातात. जुना फिल्टर काढून तिप्पट रुंदीचा बसवला आहे. सेट परत पाठवत आहे. दुकानात गर्दी असल्याने पत्र टाइप केले आहे.

लोभ ठेवावा, ही विनंती.
आपला धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद या वेळी राखून ठेवले आहेत.

टाइप केलेलं पत्र? आणि खाली ‘आपला’? मी तुझी बहीण आहे की वीज मंडळ?

ढग अजून कुरतडलेलेच. अठ्ठावीस वर्षं मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं आहे, चार स्क्रू काढायला भीत नाही. झाकण उघडलं, तर आत जुनाच फिल्टर! पाचही पायांवर सोल्डरचे ओबडधोबड गोळे, शेजारची तांब्याची पट्टी करपलेली, आणि नवा फिल्टर कागदात गुंडाळून झाकणाला आतून चिकटवलेला. खोटं बोलायचं तर निदान नीटनेटकं बोलावं. तुझं सोल्डरिंग मी ओळखते, मोत्याच्या दाण्यासारखं असतं. हे कुणाचं? दुकानात कुणी नवशिका ठेवला असशील, तर आधी त्याला घरी बसव.

राग उतरला की लोभ कळवीन.
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताई,
शि. सा. न.

तो नवशिका मीच. वर्षभर उजवा हात थरथरतो आहे. तुझा फिल्टर तीनदा बसवायला गेलो, तिन्ही वेळा पाय एकमेकांना चिकटले. मुका सेट परत पाठवायची लाज वाटली, म्हणून जुनाच कसाबसा लावला. नवा आत ठेवला, कारण तू झाकण उघडल्याशिवाय राहणार नाहीस हे मनातून ठाऊक होतं. पत्रं सूनबाई टाइप करते. तिलाही गर्दीचीच सबब सांगितली होती. हे टाइप करता करता ती म्हणते आहे की तिला केव्हाच कळलं होतं.

महिनाअखेर दुकान बंद करतो आहे. लोकांचे सेट करपवण्यापेक्षा ते बरं. नवा फिल्टर दुसऱ्या कुणाकडून बसवून घे. त्याला सांग, जुनं सोल्डर तांब्याच्या वातीने टिपून घे, करपलेल्या पट्टीच्या जागी बारीक तार टाक, आणि सोल्डरिंगचं आयर्न तीन सेकंदांहून जास्त टेकवू नको.

राग उतरेल तेव्हा उतरो.
धाकटा

२५ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
सगळे आशीर्वाद, मागचे राखलेलेसुद्धा.

दुसरं कुणी म्हणजे मी. आयर्न विकत आणलं. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? त्याला पाच मिनिटं फिल्टर समजावून दिला. पुन्हा कुणाला विचारणार नाही. तुझी वाक्यं भिंतीला चिकटवली आणि प्रत्येक पायाला तीन आकडे मोठ्याने मोजले. एक बोट भाजलं. आज सकाळी दहाला उपग्रह गेला. ढग अखंड, पिंजलेल्या कापसासारखे! फक्त अख्खं चित्र उजवीकडे कललं आहे, समुद्र घसरगुंडीवर बसल्यासारखा. ते का, मला कळत नाही, चित्राची प्रत सोबत जोडते आहे. तुला कळेल. म्हणजे अडतं कुठे ते बघ: हात कुणीही आणेल, माझ्यासारखी म्हातारीही. तुझे कान थरथरत नाहीत. सूनबाईची बोटं चालतात, तिला आयर्न दे आणि तू शेजारी खुर्ची टाकून बस. नवशिक्याला घरी बसव असं लिहिलं होतं, ते मी मागे घेते. मी काहीही मागे घेत नाही, हे तुला ठाऊक आहे.

कॉन्व्हेंटात सिस्टरनी पट्टी मारून माझं अक्षर सरळ केलं, आणि मी जन्मभर मुलींच्या तिरक्या ओळींवर लाल रेघा मारल्या. हे तिरकं चित्र मात्र दिवसभर बघते आहे. सगळं वाचता येतं. पुढचं पत्र हाताने लिही.

लोभ वाढला आहे, परत करू नकोस.
ताई

६ मार्च

ती. ताई,
शि. सा. न.

लॅपटॉपचं घड्याळ किंचित चुकतं, म्हणून चित्र कलतं. तू पाठवलेलं चित्र मोजून दुरुस्तीचे आकडे वेगळ्या कागदावर दिले आहेत, ते लॅपटॉपवर भर. सूनबाईने काल पहिला फिल्टर बसवला. दुकान उघडं आहे.

ओळी उतरणीला लागल्या आहेत. कागद जरा कलता धर.

तुझा धाकटा